‘एन’ कुणाचा?

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस.
बुधवारी संध्याकाळी मी कोड पाठवला:
गुळाच्या अडतीचा हिशेब, एकशे बारा ओळी,
चाचण्या सगळ्या हिरव्या.
तस्लीम बागवाननं पहिल्याच ओळीखाली लिहिलं,
‘एन’ कुणाचा?

कळतंय की, मी म्हटलं. संख्या.
कशाची? रव्यांची, किलोंची, का हमालांची?
मी स्क्रीनकडे बघत राहिलो.
सोमवारी रात्री साडेअकराला
मला तो पाठ होता.

सकाळी दोघं मार्केट यार्डात, सौद्याच्या वेळेला.
तिथं गुळाचा वास चपलेलासुद्धा चिकटतो.
भूपाल मगदूम, तोलाईतले जुने, काट्याशेजारी उकिडवे.
विचारलं, अण्णा, वजन म्हणजे नक्की कुठलं?
‘कुठलं म्हंजे? बारदानासकट ते कच्चं,
बारदान वजा केलं की पक्कं.
आन् हमाली रव्यामागं. किलोचा तिथं काय संबंध?
तू काय लिवलंयस?’
डब्ल्यू, मी म्हटलं.
आणि डब्ल्यू-एक.
अण्णा काही बोलले नाहीत.
पुढच्या रव्यावर शाईची खूण केली
आणि काट्याकडे वळले.

माझ्या ओळीत हमाली ‘एन’नं गुणली होती,
आणि ‘एन’ तिथवर येईतो किलो झाला होता.
चाचणीत मी एकच रवा धरलेला,
एक किलोचा.
असा रवा कुणी बघितलाय?

मग नावं घातली. कच्चं वजन. बारदान. पक्कं वजन. रवे.
रोमन लिपीत वजनाला व्ही का डब्ल्यू,
यावर चहा गार झाला. व्ही जिंकला.
पुण्याहून सौमित्रनं विचारलं, बारदान म्हणजे?
तस्लीम म्हणाली, त्याला एकदा यार्डात आणूया,
उन्हाळ्यात.

लूपमधला ‘आय’ बदलायला घेतला तर तिनंच अडवलं.
राहू दे त्याला.
तो नुसता मोजतो आणि जातो.

खाली जुन्या भागात एक ‘टेंप’ होता, माझाच.
मी गपचूप पुढं सरकत होतो.
‘हा तात्पुरता कधीपासून?’
तारीख काढली. दोन वर्षं, चार महिने.
पुसला तर पावत्या छापायच्या थांबतात.
त्यात काय असतं
ते अजून शोधायलोय.