सेक्टर चारमधली चूक

त्या गाण्याचं नाव सांगत नाही.
तुम्हालाही माहीत आहे ते:
आधी एकटी गिटार, रिकाम्या टाकीत खडे टाकल्यासारखी,
मग ड्रम,
मग गाणारा ओरडतो
दारात बोट सापडल्यागत.

आमच्या जन्माआधीचं, दुसऱ्याच देशातलं.
तरी कुठे नव्हतं?
टायरच्या जाहिरातीत.
कोपरखैरण्याच्या जिममध्ये, घामानं आंधळ्या झालेल्या आरशापुढं.
दीडशे रुपयांच्या टी-शर्टवर,
जो घालणाऱ्या पोराला
ते बनियनच्या कंपनीचं नाव वाटायचं.

मी ते घणसोलीत वाजवायचो,
सिडकोच्या चौथ्या मजल्यावर, गॅलरीत,
रबाळ्याची सेकंड शिफ्ट सुटल्यावर.
वाजवायचो म्हणजे
सुरुवातीचे अकरा सूर.
सातव्यावर करंगळी पोचायची नाही
(तिचं एक पेर प्रेस मशीननं ठेवून घेतलेलं)
म्हणून तो अर्धा खाली घ्यायचो
आणि पुढे सटकायचो,
उधारी थकलेल्या दुकानावरून जावं तसा.
वृषाली आतून विचारायची,
"पुढचं येतं का काही?"
दोन वर्षांनी गिटार माळ्यावर गेली,
तिच्यावर गणपतीचं मखर.

परवा गोठिवलीत हळद होती, कंपनीतल्या केणीच्या मुलीची.
टेम्पोवर स्पीकर, पिवळ्या हातांच्या बायका नाचतायत,
बेंजोवर हसुराम मढवी.
मी मटणाची पत्रावळ घेऊन कडेला,
आणि दोन कोळीगीतांच्या मध्ये
ते.
अकरा सूर.
सातवा अर्धा खाली.

रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत आला तरी
मी तसाच.

सुट्टी झाल्यावर विचारलं, हे कुठून घेतलंत?
हसुराम पानानं लाल हसला.
"तवा आमी पायपाचा खनत व्हतो, दादा,
तुमचे बिल्डिंगीखाली. आमचेच शेतान.
रातचा वरशी कोन तरी वाजवं. रोज तवराच.
मना वाटला, गाना तवराच हाय."

ते मी होतो, हे सांगितलं नाही.
आता म्हणे दिव्यापासून उरणपर्यंत
सगळ्या पार्ट्या हे वाजवतात,
नवरीला पाटावर बसवताना.
गाण्याला नावही आहे: पायपाची चाल.

मग राहवेना. मोबाइलवर मूळ गाणं लावलं,
हसुरामच्या नातवाच्या कानाशी धरलं.
पोरगं मान डोलवत होतं
सहाव्यापर्यंत.
सातव्याला त्याचं तोंड
कच्ची कैरी चावल्यासारखं झालं.
"चुकला त्यो," म्हणाला,
आणि फोन परत दिला.

घरी येऊन मखर खाली उतरवलं.
गिटारला चारच तारा उरल्यात.
तो सूर जिच्यावर आहे,
ती आहे.