गाठी

चैत लागला तसा विहिरीनं तळ दाखवला.
मोटर दहा मिनिटं पाणी ओढते,
मग नुसती घरघर.
म्हटलं, पुरे झालं. उतरवू मांडव.

पंधरा गुंठे. दोडक्याच्या नऊ ओळी, कडेला कारली,
आणि बांधाला चार वांगी,
जी कुणी लावली नव्हती, आपसूक उगवली
आणि सगळ्यांच्या मागं टिकली.

प्रयागबाई विचारते, "तार आधी का सुतळी आधी?"
दर साली हेच विचारते.
दर साली मी म्हणते, सुतळी.

सकाळच्या उन्हात ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या.
भोकाभोवती क्षाराची पांढरी खपली,
खारींनी कुरतडलेल्या जागी सायकलच्या ट्यूबची चिंधी.
सव्वीस वेटोळी झाली. मागच्या साली अठ्ठावीस होती.
दोन कुठं गेली, कुणालाच ठाऊक नाही.

मग मांडव.
वेल वाळून चरचरीत, पान हाती धरलं की भुगा,
पण तणाव्यांनी तार सोडलेली नाही.
एकेक बोटानं मोडावा लागतो,
झोपलेल्या लेकराच्या मुठीतून
पदर काढावा तसा, जपून.

सुतळीची गाठ म्हणजे सही असते बघा.
प्रयागची एका झटक्यात सुटते,
बांधतानाच सोडायचं ठरवल्यासारखी.
जब्बारच्या पोराची तिहेरी,
फटफटीवर कॅरेट आवळल्यासारखी.
माझी विळ्याशिवाय सुटत नाही.
आणि तिसऱ्या ओळीवर मथुराच्या.
बारीक, एकसारख्या, शेपूट आत घेतलेली,
कामाला लागताना पदर खोचावा तशी.

मथुरा संक्रांतीपासून आली नाही.
भांडण वीस रुपयांचं.
ती म्हणाली, "कारल्याची मजुरी येगळी धर, हात कडू व्हतात."
मी म्हणाले, "कडू हाताचे जादा कुठं देतात, माय?"
हसून म्हणाले होते.
तेच नको होतं.
तिनं कॅरेट खाली ठेवलं, डोक्याचा रुमाल झटकला
आणि बांधाबांधानं सरळ गेली.
उरलेलं अर्धं कॅरेट मी भरलं.
रात्री भाकरी थापल्या. तीनदा हात धुऊनही
पहिला घास कडू लागला.
घरात कुणाला बोलले नाही.

वहीत सगळं आहे.
माघात दोडका अठरा रुपये,
फाल्गुनात चाळीस, तेव्हा वेल दमलेला.
मानवतच्या बाजारात एकदा अकरा कॅरेट
संध्याकाळी मातीमोल दिली, तेही आहे.
मागच्या पानावर "मथुरा, २०" आणि पुढं रेघ.
किती दिवसांचे, ते लिहिलेलं नाही.

दुपारी जब्बारच्या शेळ्या आत सोडल्या.
त्या आधी वांग्यांकडं गेल्या,
मग पाल्याकडं, मग एकमेकींच्या अंगावर.
सहा ओळींचे बांबू बांधाला रचले,
सातवी, आठवी, नववीही.
मग मोजताना कळलं, माझी चूक झाली होती:
आठच ओळी उतरल्या होत्या.

प्रयाग तिसरीखाली उभी.
"ह्या सोडायच्या न्हाईत का?"
"जिनं बांधल्या ती सोडंल."
"आन् न्हाई आली तर?"
मला उत्तर आलं नाही.
तिनं पाण्याची बाटली उलटी करून झटकली,
डबा पिशवीत घातला, गेली.

त्याच ओळीवर बियाचा दोडका ठेवलेला.
तपकिरी, हलका, आतून जाळी झालेला.
तेवढा काढला.
मथुराच्या दारावरून माझी वाट जात नाही.
आज तिकडून गेले.
चुलीचा धूर, दार उघडं, उंबऱ्यावर तिच्या चपला,
डाव्या चपलेच्या अंगठ्याला सुतळी बांधलेली,
शेपूट आत.

आतून आवाज आला, "कोण हाय?"
तोंड उघडलं, शब्द काही येईना.
मी दोडका हलवला.
बिया वाजल्या.