दंताळं

थुमरेतच्या पुढे, डांबर संपतं तिथे
कुंपण घालून मंगळ केलाय.
माझं काम सोपं:
यंत्र निघण्याआधी दंताळ्यानं
माणसांची पावलं पुसायची.
मागे मागे सरकत आपलीही.

नौरीन मॅडम म्हणतात, तिकडे यंत्रच बरं.
त्याला हवा नको, पाणी नको,
परतीचं तिकीट नको.
मला दोन वर्षांनी एकदा मिळतं,
मी काही बोललो नाही.

दुपारी त्याचं चाक रुतलं.
तंबूत सगळे पडद्याकडे बघत गप्प.
वर कोण असणार लोटायला?
हर्णैला होडी लोटतात
तसा मी खांदा लावला.
सदऱ्यातून चटका बसला.
नोंदवहीत लिहिलं: चाचणी रद्द.

संध्याकाळी सगळं पुसलं.
खडकाआड एक टाच
राहू दिली.
उद्या ते तिच्यावरून जातं
की वळसा घालतं,
बघू.