मोजमाप पुस्तक

फाईल पातळ आहे, सात पानांची.
विषय : थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजविणेबाबत.
दिवस तीन, माणसं पाच,
देयक रुपये साडेतेरा हजार फक्त.
लेखाशीर्ष कोरं.

एकोणीस वर्षं मी कोरी लेखाशीर्षं भरते.
डांबर कुठे जातं मला ठाऊक,
फिनेल, खडू, भटक्या कुत्र्यांची नसबंदी,
बागेतल्या बाकाचा तुटलेला हात,
सगळ्यांना घर आहे.
आवाजाला नाही.
सांस्कृतिक म्हणावं तर उत्सव नव्हता.
किरकोळमध्ये शिल्लक अकराशे.

वाजवणाऱ्याचं नाव भारत आयवळे,
राहणार लोकमान्यनगर, पाडा नंबर तीन.
रोज साडेतीनला येऊन खिडकीशी उभा राहतो.
घाई करत नाही, हेच जड जातं.

घोडबंदर रोडच्या एका टॉवरखाली
ते पाच जण पाऊण तास वाजवत होते.
बत्तीस लाख थकलेले.
वरून कुणी उतरलं नाही.
खालची पोरं नाचली, वॉचमनने पाणी दिलं,
आणि संध्याकाळी भरणा झाला, शास्तीसकट.
ती पावती या फाईलमध्ये नाही.
ती दुसऱ्या विभागाची.

आक्षेप क्रमांक दोन :
केलेल्या कामाचे मोजमाप जोडलेले नाही.
आक्षेप क्रमांक तीन :
सुरक्षा अनामत पाच टक्के कापावी,
दोषदायित्व कालावधी एक वर्ष.

मी वाचून दाखवलं.
भारत म्हणाला, मॅडम,
वर्षात आवाजात खोट निघाली
तर परत येऊन वाजवीन की.
मग जरा थांबून,
आमच्या खोलीची पण पाणीपट्टी थकलीय दोन वर्षांची.
आमच्या दारात कुणाला पाठवणार?
तुम्हालाच, मी म्हटलं.
हसला. म्हणाला,
त्याचं बिल वेगळं लावू, का यातच?

आज एकतीस.
बारा वाजता उरलेल्या तरतुदी मरतात.
जिन्यावर कंत्राटदार फोनला चिकटलेले,
कोटींच्या फाईली लिफ्टने वर येतात.
ही पायऱ्यांनी आली होती, डिसेंबरात.

मोजमाप पुस्तक उघडलं.
लांबी, रुंदी, खोली, परिमाण.
वाजवून दाखवा, मी म्हटलं.
इथं?
इथंच.

त्याने काउंटरच्या पत्र्यावर दोन बोटं टेकवली.
हळू वाजवलं,
जसं घरातलं कुणी उठू नये
आणि उठावंही.
देसल्यांचं कॅल्क्युलेटर थांबलं.
जिन्यावरचे फोन कानावरून खाली आले.
माझा अंगठा चपलेत हलला,
आणि काय कारण नसताना आठवलं,
खारीगावच्या घराचं बिल अजून बाबांच्या नावाने येतं.
त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.
भरते मीच. नाव बदललं नाही.

लांबी : पाऊण तास.
रुंदी : सोळा मजले.
खोली : लोकमान्यनगर, पाडा तीन.
खोडलं.
खोडल्याजागी आद्याक्षरी केली, नियम आहे.
खाली लिहिलं, प्रत्यक्ष तपासले, बरोबर.

अकरा पन्नास.
लेखाशीर्ष अजून कोरं.
भारतने बोटं उचललेली नाहीत.