वाळूचा सराव

शाळेनं भंगारात काढलेली तेरा सीटांची बस
मी सव्वा लाखाला घेतली, तेव्हा महानंदा म्हणाली,
रिटायर झालेली माणसं कुत्रं पाळतात.

ख्वाजामियांच्या गॅरेजात ती उभी आहे, अजून अर्धी पिवळी.
बाकडी निघाली. एका बाकड्याखाली
खोडरबर सापडलं, एक दुधाचा दात,
आणि पत्र्यावर कर्कटकानं कोरलेलं: सोन्या मठ्ठ आहे.
राहू द्या, म्हणालो. त्याच्या वरच ओटा आला.
ख्वाजामियां टेप गुंडाळतात, पेन्सिल कानावर ठेवतात,
'सर, बस को घर बनारे, की घर को बस?'

जेवणं झाली की फरशीवर नकाशा.
मुक्कामाच्या गावी एकेक ज्वारीचा दाणा:
जालना, धुळे, बडोदा, पालनपूर, बाडमेर.
शेवटचा दाणा ठेवायचा तिथं गावच नाही,
नुसते ठिपके,
छापणाऱ्याचा हात थरथरल्यासारखे.
तिथं राखीव वाळवंट आहे.
आत पायी जायला परवानगी लागते,
सकाळच्या वेळी, वाटाड्या सोबत.
नशिबात असला तर माळढोक दिसतो.
माझ्या वडिलांना तो औशाच्या माळावर दिसला होता,
सायकलवरून जाताना,
परवानगी न काढता.

वहीत लिहिलं: पाणी, माणशी रोज पंधरा लिटर.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला.
'पंधरा? म्हशी न्यायलाव का सोबत?'
प्यायला चार, रांधायला दोन,
भांडी वाळूनं घासायची, अंग ओल्या पंचानं पुसायचं,
पंचा पिळलेलं पाणी पायांना.
'आणि पायांचं?'
'ते कुंडीला.'
'बसमध्ये कुंडी?'
'असणारय.'
ज्या उन्हाळ्यात नळ बावीस दिवसांनी आला,
त्या उन्हाळ्यात घरात सहा माणसं होती, त्यात एक बाळंतीण.
तो हिशेब कुठल्या वहीत नाही.
मी पंधरा खोडून सात केलं.
टाकी लहान झाली.
वाचलेल्या जागेत ती आडवी होऊन बघून आली,
पाय पुरतात का.

राहिला चालायचा सराव.
वाळूत पाय रुततो, पोटऱ्या भरतात,
आधी महिनाभर वाळूत चाला, असं जो तो सांगतो.
रविवारी मांजरेच्या पात्रात गेलो.
वाळू नव्हती.
उघडा खडक, त्यावर जेसीबीच्या दातांचे ओरखडे,
एका डबक्यात बगळा, तोही उभ्या उभ्या कंटाळलेला.
आम्ही डबा खाल्ला आणि परत आलो.

वाळू आमच्याच गल्लीत होती.
बिराजदारांच्या बांधकामापुढं, तीन ब्रास.
रात्री साडेनऊला नवे बूट घालून
ढिगावर चढलो. उतरलो. चढलो.
वॉचमन चाँदपाशा बाजेवर उठून बसला.
'काय हरवलं, सर?'
'काही नाही. चालायलोय.'
त्यानं थोडा वेळ विचार केला,
मग बॅटरी आमच्या पायांवर धरून बसला.

अकराव्या फेरीला महानंदा माथ्यावर थांबली,
कमरेवर हात, धाप लागलेली.
'इथून किल्ला दिसतो ओ,' ती म्हणाली.
मी वर गेलो. पाण्याच्या टाकीच्या नि मोबाइल टॉवरच्या मधून
बुरुजाचा एक तुकडा, खरंच.
एकतीस वर्षं या गल्लीत राहून
आम्हाला सहा फूट कमी पडत होते.
चाँदपाशानं बॅटरी तिकडं वळवली,
जणू तिचा उजेड तिथवर जाणार होता.

घरी येऊन बूट झटकले. मूठभर निघाली.
'सकाळी परत द्यावी लागंल बिराजदारांला,'
म्हणाली, आणि दिवा घालवला.

सकाळी नकाशावर पालनपूरचा दाणा नव्हता.
मुंग्यांनी नेला असणार.
चला,
एक मुक्काम कमी.