खर्चाचा अंदाज

दोन हजार सहाची व्हॅन. रंग एकेकाळी निळा.
दोन लाख एकतीस हजार मैल,
त्यातले निम्मे तरी शाळा, दवाखाना आणि परत शाळा.
लिफ्टवर चढवली तेव्हा खालून
मीठ गळलं, गंजाचे पापुद्रे गळले,
आणि एक प्लास्टिकचा चमचा,
तो तिथे कसा पोचला ते गाडीलाच ठाऊक.

युटिकात नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यांवर मीठ टाकतात,
बोस्नियात माझी आई कोबीच्या पिंपात टाकायची तसं,
हात न आखडता.
कोबी टिकायचा.

सॉ हटूने दाराखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर लावला,
टोचला नाही, नुसता लावला,
आणि तो मुठीपर्यंत आत गेला.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
चुकून दुसऱ्याच्या न्हाणीघरात शिरल्यासारखं.

मी लिहीत गेलो.
मागच्या हीटरचा पाइप, चारशे वीस.
गेल्या हिवाळ्यातही लिहिलं होतं, तेव्हा त्याला नुसता घाम फुटला होता.
गिअरबॉक्स दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना विचारात पडतो,
जिन्यात मध्येच थांबून
आपण वर कशाला निघालो होतो हे आठवणाऱ्या माणसासारखा.
तेल बोटावर घेऊन हुंगलं, करपलेलं.
दोन हजार आठशे, तेही दुरुस्त केलेला जुनाच बसवून.
पत्रा कापून वेल्डिंग, नऊशे.
त्याशिवाय तपासणीत पास होणार नाही,
आणि काचेवरचा स्टिकर तीस तारखेला संपतो.
उजवं सरकतं दार, रोलर आणि केबल, तीनशे चाळीस.

बेरीज चार हजार चारशे साठ.
दोनदा केली. दोनदा तेवढीच आली.
गाडीचे पंधराशे मिळतील, तेही ती स्वतः चालत गेली तर.
चार आण्यांची कोंबडी,
आणि मसाल्याची चिठ्ठी माझ्या हातात.

डोलोरेस रात्रपाळी करून थेट आली होती,
नर्सिंग होमचा बिल्ला अजून छातीवर.
चिठ्ठी तिने शेवटून वर वाचली,
असे बरेच जण वाचतात.
म्हणाली, "नेर्मिन, फक्त दार कर.
चार महिने बाबांना रस्त्याच्या बाजूने चढवतेय.
ट्रकवाले हॉर्न मारतात, त्यांना ऐकू येत नाही."

म्हणून आधी दार उघडलं.
रूळ उपसला. एक मेणाचा खडू, जांभळा.
शेंगदाणे. पार्किंगची पावती.
आणि टोकाला, रोलरच्या पुढ्यात अडकून बसलेलं,
कातडीच्या रंगाचं, शेंगेएवढं काहीतरी.
सॉ हटूला वाटलं उंदराचं पिल्लू.

श्रवणयंत्र.

ते तिने तळहातावर घेतलं, फुंकर मारली,
मग वर्कबेंचजवळच्या टायरवर बसली.
"एका कानाचे अठराशे," म्हणाली,
म्हणजे दोन वर्षं ही गाडी
स्वतःपेक्षा महाग वस्तू पोटात घेऊन फिरत होती.
पण तिचं ते म्हणणं नव्हतं.
"बाबांनी रिचीवर आळ घेतला. विकलंस म्हणाले,
ख्रिसमसच्या जेवणात, सगळ्यांसमोर.
रिचीने काटा खाली ठेवला आणि गेला.
मीही काही बोलले नाही."

मला काय बोलावं सुचलं नाही.
माझ्याकडे ग्रीसचं फडकं होतं, ते दिलं,
तिने त्यात ते यंत्र गुंडाळलं.

रोलर धड होता. केबलही.
तीनशे चाळीसवर काट मारली,
साफसफाईचे वीस लावले.
ती बाहेर जाऊन बर्फात फोन कानाला लावून उभी राहिली.
काचेतून तोंड हलताना दिसत नव्हतं,
पलीकडे घंटा वाजत असणार.

पाइप, गिअरबॉक्स, पत्रा अजून चिठ्ठीत आहेत.
तीस तारखेला अकरा दिवस आहेत.
मागे सॉ हटू दार उघडतोय, लावतोय, पुन्हा उघडतोय,
उगाचच,
एका बोटाने.