मेलेल्या माशांची वही

पुएर्तो माँतच्या विद्यापीठात
रात्रीच्या वर्गाला आम्ही एकतीस जण.
कुणी बेकरीतून उठून आलेलं, कुणी बोटीच्या धक्क्यावरून,
मी सॅमनच्या कारखान्यातून.
हात तीनदा धुतले तरी
पुस्तकाच्या पानांना वास लागायचाच.

मान्सिल्या सरांनी पहिल्या दिवशी
फळ्यावर एक उभी रेघ ओढली, डोक्यावर एक आडवी.
म्हणाले, हे दोन खोल्यांचं घर.
एकीत काही आलं
तर दुसरीतून काहीतरी गेलेलं असतं.
कुठून गेलं, ते शोधायचं. पाच वर्षं एवढंच.

एवढंच नव्हतं.
घसारा शिकलो :
यंत्र नुसतं उभं असलं तरी दरसाल थोडं झिजतं
आणि ते लिहावं लागतं.
मला आईचे गुडघे आठवले,
ते कुणाच्याच वहीत नव्हते.

तेरीज पहिल्यांदा जुळेना
तेव्हा सत्तावीस पेसोंसाठी पहाटे तीनपर्यंत बसले.
सत्तावीस पेसोंत आगकाडीसुद्धा येत नाही.
सर चष्म्यावरून बघत म्हणाले,
फरकाला नवाने भाग जातोय ना?
मग कुठेतरी पंच्याऐंशीचे अठ्ठावन्न केलेस, पोरी.
केले होते. विजेच्या बिलात.
इतका आनंद मला पदवीदानातही झाला नाही.

पुढे एकतीसांचे नऊ राहिलो.
ओरोस्मान कास्त्रोच्या करखात्यात चिकटला,
लोक आता त्याला रस्त्यात ओळख देत नाहीत.
येर्ती तीन बेकऱ्यांची खाती लिहिते,
फीपैकी निम्मी पावाच्या रूपात.
एक जण सांतियागोत गेला, काचेच्या इमारतीत,
एकविसाव्या मजल्यावर,
फोनवर आता सावकाश बोलतो.

आणि मी लेखापरीक्षक.
नारिंगी जाकीट, पायात उसने बूट,
पहिलंच काम : मासे मोजणं.
कपाटं मोजता येतात, पोती मोजता येतात,
ती आपली मान खाली घालून उभी असतात.
पिंजरा क्रमांक सातमध्ये
कंपनी म्हणते एक लाख दहा हजार,
आणि मी काठावरून बघते
तर सगळं पाणीच हलतंय.

म्हणून मेलेले मोजायचे.
मेलेले स्थिर असतात,
त्यांची वेगळी वही असते.
मार्च महिना : सहाशे चाळीस.
मी बरोबरची खूण केली.

घरी चुलीवरच्या फळीवर
एलिएसेरची वही वाळत घातलेली.
माझा धाकटा भाऊ. पाणबुड्या.
रोज खाली उतरून मेलेले मासे वर आणतो.
चार उभ्या रेघा, एक तिरकी,
ओल्याने पेन्सिल पसरलेली.
मार्च महिना : एकोणीसशे तेरा.

जेवण निवेपर्यंत मी वजाबाकी करत राहिले.
एक हजार दोनशे त्र्याहत्तर.
नवाने भाग जात नव्हता.

"काय बघतेस?" तो म्हणाला.
"काही नाही. बटाटे संपलेत."

दुसऱ्या दिवशी मी अर्ज भरला,
जो आधीच भरायला हवा होता :
सदर कंपनीत माझा सख्खा भाऊ नोकरीस आहे.
साहेबांनी सुस्कारा सोडला
आणि मला ओसोर्नोच्या डेअरीवर पाठवलं.
तिथे दुधाच्या टाक्या असतात, बाहेरून काचेची नळी,
किती आहे ते दिसतं.

फाइल फ्रेसियाच्या हाती दिली, बूटही दिले.
बरंच काही ओठांवर होतं.
म्हणाले, पाणबुड्यांच्या वह्या मागव.
एकाची नको. सगळ्यांच्या.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग लिहून घेतलं.

आता चुलीवरच्या फळीवर
हातमोजे असतात, मोजे असतात, वही नसते.
फ्रेसियाने नेली
की त्याने लपवली
की कुणी त्याला पाण्यात टाकायला सांगितली,
मी विचारलेलं नाही.
विचारणार नाही, असं सही करून दिलंय.

तो बटाटे सोलतो, मी मीठ घालते.
मोजून.